शेकहँड दिला नाही म्हणून कुत्रा मठ्ठ?

आजही तेच. पाहुणे आले आणि टेकायच्या आत आमच्या बीगलपुढे हात नाचवायला लागले, "शेकहँड! शेकहँड दे!" त्याने हात हुंगला, आत बिस्किट नाही हे ताडलं आणि पाठ फिरवून निघून गेला. लगेच निकाल लागला: "बीगल ना? मठ्ठच असतात हो. बॉर्डर कॉली घ्यायला हवा होता."

डोकं फिरतं माझं! रिकाम्या हातावर पंजा ठेवला नाही, यात मठ्ठपणा कुठून आला?

आणि ती कुत्र्यांच्या जातींच्या हुशारीची यादी! प्रत्येकाने ती कुठेतरी वाचलेली असतेच. बॉर्डर कॉली पहिला, अफगाण हाउंड शेवटचा, बीगल तळाशी. अरे, पण ती यादी बनली कशी ते तरी वाचा! स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञाने १९९४ साली ती मांडली, ती आज्ञापालनाच्या स्पर्धांमधल्या सुमारे २०० परीक्षकांना विचारून. नवा हुकूम किती वेळा सांगून कळतो आणि पहिल्या हाकेला किती वेळा पाळला जातो, एवढंच त्यात मोजलंय. उपजत बुद्धी वेगळी, स्वतःहून अडचण सोडवायची बुद्धी वेगळी, हे खुद्द कोरेनच सांगतात. ते कोणी वाचत नाही. लोकांना फक्त नंबर हवा.

हाच 'मठ्ठ' बीगल अमेरिकेत १९८४ पासून विमानतळावर कामाला आहे; सुरुवात तिथल्या कृषी खात्याने केली. बंद बॅगांमधली फळं, मांस नुसत्या वासावरून शोधतो तो. तुम्हाला तुमच्याच पिशवीतली किल्ली सापडत नाही!

आमच्या घरातलंच सांगते. "आंघोळ" म्हटलं की हा पलंगाखाली. म्हणून आम्ही "स्नान" म्हणायला लागलो. चार दिवसांत तेही कळलं. आता नुसता टॉवेल उचलला तरी गायब. खाण्यात गोळी लपवली तर खाणं चाटूनपुसून साफ, आणि गोळी वाडग्याच्या काठावर, कोरडी. मला खुर्चीवरून उठवायचं असेल तर दाराकडे तोंड करून भुंकतो. मी बघायला जाते, दारात कोणी नसतं, परत येते तर साहेब खुर्चीत. आणि हा मठ्ठ!

आजचा कळस पुढेच आहे. तासाभराने याने त्याच पाहुण्यांच्या पिशवीची चेन दातांनी सरकवली, आतल्या कप्प्यातला बिस्किटांचा पुडा काढला आणि संपवला. पाहुणे ओरडले. याने कान पाडले, नजर चुकवली. "बघा बघा, चेहरा बघा चोराचा! त्याला सगळं कळतंय, मुद्दाम करतो!"

म्हणजे तासापूर्वी काहीच कळत नव्हतं, आणि आता सगळं कळतंय? कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. कुत्र्यांचा तो 'अपराधी' चेहरा मालक रागावला की होतो, चूक केलेली असो वा नसो. काहीच न केलेल्या कुत्र्यांनाही रागावलं, तर त्यांचाही होतो. पडलेले कान म्हणजे गुन्ह्याची कबुली नाही हो, समोरचा माणूस चिडलाय हे त्याला बरोबर कळलंय.

पाहुण्यांनी मारायला हात उचलला तेव्हा मात्र मी मध्ये उभी राहिले. पिशवी हातात दिली आणि तोंडावर सांगितलं, पुढच्या वेळी शेकहँड हवा असेल तर बिस्किट पिशवीत नाही, हातात घेऊन या.