प्रमोशन, पाच अर्ज आणि एक वर्षाची मुदत : एका ताईंच्या कॉमेंटला उत्तर

ताई, तुमची कॉमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की "प्रमोशन हा हक्क नाही, प्रमोशनसाठी विचार होणं हा हक्क आहे" असं सरकारी नोकरीतल्या प्रमोशनवरच्या माझ्या आधीच्या लेखात लिहून मी प्रशासनाच्या हातात कोलीत दिलं, आणि चार वर्षांत पाच अर्ज देऊन एकाचंही उत्तर न आलेल्या माणसाला "वेळेत मॅटमध्ये जा" (मॅट म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, सरकारी कर्मचाऱ्यांच्या नोकरीच्या तक्रारी ऐकणारं) म्हणणं हे जखमेवर मीठ चोळणं आहे. राग पटतो मला. पण ते वाक्य मी मागे घेणार नाही, कारण ते माझं नाहीच, राज्यघटनेच्या कलम 16 वरून सुप्रीम कोर्टाने ते कितीतरी वेळा सांगितलंय.

आणि "विचार होणं" तुम्ही समजता तेवढं किरकोळ नाहीये हो. समजा डीपीसी, म्हणजे प्रमोशनसाठी नावं तपासणारी विभागीय समिती, बसली, तुम्ही ज्येष्ठता यादीत बसत होतात, आणि ऑफिसने तुमचे गोपनीय अहवालच पाठवले नाहीत म्हणून नाव मागे राहिलं, तर तिथे तुमचा मूलभूत हक्क डावलला गेला, ही साहेबांच्या मर्जीची गोष्ट उरत नाही. किंवा "चौकशी प्रस्तावित आहे" असा शेरा मारून नाव बाजूला ठेवतात, हे तर सर्रास चालतं. 1991 च्या जानकीरामन निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की दोषारोपपत्र दिलेलंच नसेल तर नुसती चौकशी करायचं चाललंय एवढ्यावर सीलबंद पाकीट करता येत नाही, म्हणजे प्रमोशनचा निर्णय पाकिटात बंद करून रोखून ठेवता येत नाही.

आता पाच अर्जांचं. इथे मला खरंच कळकळीने सांगायचंय, कारण मी स्वतः नोकरीत असताना हेच केलं, अर्ज, मग स्मरणपत्र, मग परत स्मरणपत्र, आणि दर वेळी आवक क्रमांकाचा शिक्का मिळाला की वाटायचं आपली केस जिवंत आहे. ती जिवंत नव्हती. प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा 1985, कलम 20 आणि 21 बघा. अर्ज दिल्यावर सहा महिने उत्तराची वाट बघायची, नाही आलं तर त्यापुढे एक वर्षाच्या आत मॅटमध्ये जायचं, म्हणजे पहिल्या अर्जापासून साधारण दीड वर्ष. दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या अर्जाने ती मुदत पुढे सरकत नाही. मुदत गेली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडता येतो, पण उशीर का झाला याचं पटेल असं कारण द्यावं लागतं, आणि "मी अर्ज देत होते" हे कारण सहसा टिकत नाही. ज्युनियरला आधी प्रमोशन दिलेलं असेल तर कोर्ट आणखी कडक होतं कारण मधल्या काळात त्याची ज्येष्ठता पक्की झालेली असते.

रिटायरमेंट जवळ असणाऱ्यांनी तर बिलकुल थांबू नये. 2024 मध्ये पश्चिम बंगालच्या एका केसमध्ये लोकसेवा आयोगाची शिफारस नोकरीत असतानाच झाली होती, शेवटची मंजुरी यायच्या आत ते अधिकारी रिटायर झाले, आणि सुप्रीम कोर्टाने मागच्या तारखेने प्रमोशनचा लाभ नाकारला. फाईल वेळेत हलली असती तर मिळालं असतं.

एका बाबतीत मात्र तुमचं बरोबर आहे. मागचा पगार मिळतच नाही असं मी सरसकट लिहिलं होतं, ते चुकलं. मानीव दिनांक (प्रमोशन मागच्या ज्या तारखेपासून धरतात ती) मिळाला तरी "काम नाही तर वेतन नाही" म्हणून पगारातला फरक नाकारतात हे खरं, पण त्याच जानकीरामन निकालात असंही आहे की कर्मचारी काम करायला तयार होता आणि त्याचा काही दोष नसताना प्रशासनानेच त्याला त्या पदापासून लांब ठेवलं, तर हा नियम आपोआप लागू होत नाही. तुम्ही लिहिलंय तो तुमच्या मैत्रिणीला मिळालेला फरक बहुतेक याच मुद्द्यावर. मूळ लेखात दुरुस्ती करतो.

आता तुम्ही एवढं करा, सहावा अर्ज लिहू नका. माहितीच्या अधिकारात डीपीसीचं इतिवृत्त, त्या वर्षाची अंतिम ज्येष्ठता यादी आणि रिक्त पदांचा तपशील मागा, आणि यादीत तुमच्या मागे असलेल्या कुणाची प्रमोशनची ऑर्डर निघालीय का, कुठल्या तारखेची, ते आजच बघा. ती तारीख एक वर्षाच्या आतली असेल तर माहिती यायची वाटसुद्धा बघू नका, सरळ वकील गाठा.