मावशी, तुझी प्रार्थना कमी पडली नव्हती

परवा रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला. तिचा धाकटा सैन्यात आहे, सध्या मांडीत सळई घालून घरी पडून आहे. म्हणाली, "मी एकटीने सोमवार धरले रे. सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी देवाला हात जोडले असते, तर त्याला लागलंच नसतं का?"

हे तिच्या डोक्यात एका फॉरवर्डने भरवलं. आमच्या नात्यातल्या चार ग्रुपांवर तो फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: १८६३ साली अमेरिकेचं सैन्य हरत होतं, लिंकनने अख्ख्या देशाला देवाचे आभार मानायचा हुकूम सोडला, त्या दिवसानंतर ते एकही लढाई हरले नाहीत, म्हणून युद्धाच्या काळात सरकारने असा दिवस पाळायला लावावा, आणि जो पाळणार नाही तो देशद्रोही.

आधी 'हरत होतं' बघू. तेव्हा अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध चालू होतं आणि अध्यक्ष लिंकन उत्तरेच्या बाजूचा होता. त्याच वर्षी जुलैमध्ये गेटिसबर्ग आणि व्हिक्सबर्ग दोन्ही ठिकाणी उत्तरेचं सैन्य जिंकलं होतं. त्याबद्दल लिंकनने ६ ऑगस्टला आभाराचा एक दिवस पाळायला सांगितलाही होता. त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी चिकमॉगाला त्याच सैन्याचा पराभव झाला.

'हुकूम' तर नव्हताच. लिंकनचा ३ ऑक्टोबर १८६३ चा तो जाहीरनामा नागरिकांना आभाराचा दिवस पाळायचं आमंत्रण देतो. न पाळणाऱ्याला शिक्षा नाही, दूषण नाही. देशद्रोही हा शब्द फॉरवर्ड लिहिणाऱ्याचा आहे, लिंकनच्या नावावर तो खपवू नये.

आता ज्याने मावशीची झोप उडवली तो मुद्दा: सगळ्यांनी प्रार्थना केली की विजय मिळतो. लिंकनने ३० एप्रिल १८६३ हा दिवस उपवासाचा आणि प्रार्थनेचा म्हणून जाहीर केला होता. नेमक्या त्याच दिवशी त्याचं सैन्य चान्सलर्सव्हिलपाशी गोळा होत होतं, समोरच्या दक्षिणेच्या सेनापती ली याच्या सैन्याच्या दुपटीहून मोठं. आठवड्याभरात ते नदीपलीकडे माघारी आलं. मेलेले, जखमी आणि पकडलेले मिळून सुमारे १७,००० माणसं गेली. त्यांच्या आया प्रार्थनेत कमी पडल्या होत्या का?

आणि दक्षिणेकडेही देव तोच होता. त्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यानेही विजयाबद्दल आभार मानायला १८ सप्टेंबर १८६२ हा दिवस ठरवला होता. आदल्या दिवशी अँटिएटमला एका दिवसात दोन्हीकडचे मिळून सुमारे २३,००० सैनिक मेले, जखमी झाले किंवा हरवले आणि १८ च्या रात्री ली माघारी फिरला.

यावर खुद्द लिंकनच काय म्हणाला ते ऐका. ४ मार्च १८६५, दुसऱ्या शपथविधीचं भाषण. दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच देवाची प्रार्थना करतात आणि एकमेकांविरुद्ध त्याचीच मदत मागतात, असं तो म्हणतो. पुढे म्हणतो, दोघांच्या प्रार्थना पुऱ्या होणं शक्य नव्हतं, आणि पूर्णपणे तर कुणाचीच झाली नाही. ज्याच्या नावाने फॉरवर्ड फिरतोय, त्याचंच हे म्हणणं.

'त्यानंतर एकही लढाई हरले नाहीत' हे धडधडीत खोटं. जून १८६४ मध्ये कोल्ड हार्बरला उत्तरेचा सेनापती ग्रँट याने केलेल्या हल्ल्यात हजारो सैनिक पडले. त्या शेवटच्या हल्ल्याची आपल्याला कायम खंत वाटली, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय.

एक मान्य करतो, करावंच लागतं. त्या जाहीरनाम्यातला आभाराचा दिवस २६ नोव्हेंबर १८६३ ला पाळला गेला आणि आदल्याच दिवशी चॅटनूगाला उत्तरेने मोठी लढाई जिंकली होती. पण विजय आधी आला, आभार नंतर. आणि हो, दरवर्षी तो दिवस पाळायची पद्धत तिथूनच पडली. घरातलं माणूस गमावलेल्यांना त्या दिवसाने आधार दिला असेल, तेही नाकारत नाही.

३ ऑक्टोबरच्या त्या जाहीरनाम्यात आणखी एक भाग आहे, फॉरवर्डमधून तो गाळलाय. आभार मानतानाच देशाच्या चुकांबद्दल नम्रपणे पश्चात्ताप करा आणि या युद्धात जे विधवा, अनाथ, शोकाकुल झाले, ज्यांनी सोसलं, त्यांना देवाच्या मायेच्या हवाली करा, असं त्यात सांगितलंय. तेवढाच भाग मी मराठीत करून रात्रीच मावशीला पाठवला. सकाळी तिचा मेसेज होता: "वाचलं. त्यालाही वाचून दाखवलं."