ट्वेनच्या सल्ल्यातून गाळलेला भाग

इंग्रजी लेखन सुधारण्यासाठी विशेषणांना कात्री लावा, असे बजावणारा एक संदेश व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा येत असतो. त्यात तीन गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात: विशेषण दिसताच ते मारून टाकावे असे अमेरिकन लेखक मार्क ट्वेनने म्हटले आहे, विशेषण ही निव्वळ सजावट असते, आणि ‘व्हेरी’ लावलेल्या विशेषणाऐवजी नेहमी एकच जोरकस शब्द वापरावा.

ट्वेनने तसे लिहिले हे खरे. मात्र १८८० साली एका शाळकरी मुलाला पाठवलेल्या त्या पत्रात त्याने लगेच पुढे खुलासा केला होता, की सगळीच नव्हे पण बहुतेक विशेषणे मारावीत, म्हणजे उरलेल्यांना मोल येते. ती एकमेकांना खेटून आली की दुबळी होतात आणि अंतराने आली की बळ देतात. संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी विशेषणांऐवजी हा खुलासाच गाळला आहे.

सजावटीचा मुद्दा तर सरळ चुकीचा आहे. २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०० मधील पहिल्या अपवादानुसार सदोष मनुष्यवध खून ठरू नये, यासाठी चिथावणी ‘ग्रेव्ह अँड सडन’, म्हणजे गंभीर आणि अचानक, असावी लागे. मुंबईत १९५९ साली नानावटी या नौदल अधिकाऱ्याने पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, त्या प्रकरणात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले होते. परंतु पत्नीची कबुली ऐकून घराबाहेर पडल्यापासून गोळ्या झाडेपर्यंत सुमारे तीन तास लोटले होते आणि तेवढ्या वेळात मनावर ताबा मिळवणे शक्य होते, असे मानून सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली हा अपवाद नाकारला आणि उच्च न्यायालयाने दिलेली जन्मठेप कायम केली. त्या कलमातून ‘सडन’ गाळून पाहा, म्हणजे त्या तीन तासांचे काय होते ते कळेल. याउलट नोकरीच्या अर्जात आपण स्वतःला ‘सिन्सिअर, हार्डवर्किंग अँड डेडिकेटेड’ म्हणवतो, तेव्हा ते शब्द कोणालाच वगळत नाहीत, कारण आळशी असल्याचे कोणी अर्जात लिहीत नाही. तेथे कात्री खुशाल चालवावी.

‘व्हेरी’च्या पर्यायांची यादी वरवर उपयोगी वाटते, पण त्या जोड्या समानार्थी नसतात. ‘व्हेरी ओल्ड’च्या जागी ‘एन्शंट’ घातले, तर पंच्याऐंशी वर्षांची आजी लेण्यांच्या पंगतीत जाऊन बसते. शिवाय ‘एक्झॉस्टेड’सारखा शब्द पाठ केलेला विद्यार्थी सवयीने ‘व्हेरी एक्झॉस्टेड’ लिहितो, आणि पराकोटी ज्याच्या अर्थातच आहे अशा शब्दाआधी लावलेले ते ‘व्हेरी’, मराठीत ‘खूप पांढराशुभ्र’ म्हटल्यावर खटकते, तसेच इंग्रजी वाचकाला खटकते.