‘छत्तिसावी ब्रिगेड मारिउपोललाच संपली’ : एका दाव्याची तपासणी

युक्रेनच्या नौदलातील ३६व्या मरीन (म्हणजे नौदलाच्या पायदळाच्या) ब्रिगेडविषयी एक मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा आहे : ही ब्रिगेड २०१४ नंतर नाटोने शून्यातून उभी केली; ती म्हणजे अझोव्ह या युक्रेनी रेजिमेंटचीच समुद्री शाखा होती; तिच्यात परदेशी भाडोत्री सैनिक भरलेले होते; एप्रिल २०२२ मध्ये मारिउपोल येथे ती सगळीच्या सगळी शरण गेली; आणि ज्या नौदलाकडे जहाजेच उरलेली नाहीत त्याला मरीन कशाला हवेत, त्यामुळे आज त्या नावाने जे काही आहे ते केवळ कागदावर आहे. या दाव्यात सत्याचा अंश नाही असे नाही. पण तो अंश जिथे आहे तिथून तो नको तितका ताणला गेला आहे.

सर्वांत वजनदार मुद्दा शरणागतीचा आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. १३ एप्रिल २०२२ रोजी रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने मारिउपोलच्या इलिच पोलाद कारखान्यात या ब्रिगेडच्या १,०२६ जणांनी शस्त्रे खाली ठेवल्याचे जाहीर केले. आकडा एका बाजूचा आहे हे ध्यानात ठेवले तरी फार मोठ्या संख्येने मरीन त्या दिवसांत युद्धकैदी झाले, ब्रिगेडचे कमांडर व्होलोदिमिर बारानिउक हेही वेढा फोडून बाहेर पडण्याच्या प्रयत्नात पकडले गेले, आणि त्यांपैकी अनेकांना पुढे दीर्घ काळ कैदेत काढावा लागला, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्याच सुमारास ब्रिगेडचा दुसरा एक गट शहरातूनच वाट काढत अझोव्हस्ताल कारखान्यात पोहोचला. मेजर सेर्ही वोलिन्स्की यांनी तिथे उरलेल्या मरीनांचे नेतृत्व स्वीकारले आणि हा गट मे महिन्याच्या उत्तरार्धापर्यंत, म्हणजे आणखी महिनाभराहून अधिक काळ, लढत राहिला. ‘सगळीच्या सगळी शरण गेली’ हे विधान एप्रिलच्या त्या आठवड्यालासुद्धा लागू पडत नाही.

त्याहून महत्त्वाचे असे की, मारिउपोल हे ब्रिगेडचे घर नव्हते. ते तिच्या आघाडीचे ठिकाण होते. तिचे कायमचे ठाणे मिकोलाईव येथे आहे आणि ते शहर रशियाला कधीच घेता आले नाही. आघाडीवरच्या बटालियन गमावल्या तरी ठाणे, क्रमांक, ध्वज आणि नवी भरती शिकवणारी माणसे उरली तर तेवढ्यावर ब्रिगेड पुन्हा बांधता येते. जगातील कोणत्याही सैन्यात हे असेच चालते. पुन्हा उभी राहिलेली ३६वी ब्रिगेड २०२३ च्या शरद ऋतूपासून खेरसोन भागात नीपर नदीच्या डाव्या तीरावर क्रिंकी गावाच्या मोहिमेत होती आणि २०२४ मध्ये रशियाच्या कुर्स्क प्रांतातही लढली. नव्या ब्रिगेडला जुन्या ब्रिगेडचा अनुभव लगेच मिळत नाही, हा आक्षेप घेता येईल आणि तो रास्तही आहे. परंतु अनुभवी माणसे गमावणे आणि कागदी असणे यांत अंतर आहे.

‘नाटोने शून्यातून उभी केली’ हा भाग तारखांपुढे टिकत नाही. स्वतंत्र युक्रेनच्या नौदलात मरीन १९९३ पासून आहेत. २०१४ पूर्वी त्यांची पहिली बटालियन क्रिमियातील फिओदोसिया येथे आणि ५०१वी बटालियन केर्च येथे होती. मार्च २०१४ मध्ये क्रिमिया रशियाच्या ताब्यात गेल्यावर २४ मार्चच्या पहाटे फिओदोसियाचा तळ रशियन दलांनी हल्ला करून घेतला. पुष्कळ सैनिक क्रिमियातच राहिले, काहींनी बाजू बदलली. नौदलप्रमुखपदी नेमल्याच्या दुसऱ्याच दिवशी देनिस बेरेझोव्स्की हे रिअर अॅडमिरलच तिकडे गेले होते, तेव्हा खालच्यांना दोष किती द्यावा हा प्रश्नच आहे. जे मुख्य भूमीवर आले त्यांच्याभोवती २०१५ मध्ये ३६वी ब्रिगेड उभी राहिली, आणि क्रिमियातल्या त्या दोन्ही बटालियन तिच्यात आपापल्या जुन्या क्रमांकांसह समाविष्ट झाल्या. पाश्चात्त्य देशांशी संबंध होता, तोही २०१४ च्या आधीपासून : अमेरिकेबरोबरचा ‘सी ब्रीझ’ हा नौदल सराव १९९७ पासून चालत आला आहे. पुढे २०२३ मध्ये ब्रिटनच्या रॉयल मरीन्सनी युक्रेनी मरीनांना प्रशिक्षणही दिले. पण कोणाकडून प्रशिक्षण घेतल्याने त्याने जन्म दिला असे होत नाही.

इथे युक्रेनच्या बाजूच्या एका अतिशयोक्तीकडेही, म्हणजे हे दल १९१८ पासूनचे आहे या सुराकडेही, बोट दाखवले पाहिजे. मरीन दिन २०१८ पासून २३ मे रोजी पाळला जातो, कारण १९१८ मध्ये त्या दिवशी युक्रेनी मरीन दल उभारण्याचा आदेश निघाला होता. त्याच वेळी सोव्हिएत परंपरेची काळी बेरे टोपी जाऊन समुद्री लाटेच्या रंगाची आली. ब्रिगेडला नाव दिले आहे ते रिअर अॅडमिरल मिखाइलो बिलिन्स्की यांचे, जे तत्कालीन युक्रेनी प्रजासत्ताकाचे नौदलमंत्री होते आणि १९२१ मध्ये बोल्शेविकांविरुद्ध लढताना मारले गेले. हा वारसा निवडून घेतलेला आहे, अखंड चालत आलेला नाही. १९२१ आणि १९९३ यांच्यामध्ये सत्तर वर्षांची पोकळी आहे.

अझोव्हचा मुद्दा लवकर आटोपता येतो. अझोव्ह ही गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील नॅशनल गार्डची रेजिमेंट होती, तर ३६वी ब्रिगेड नौदलाची. दोहोंची भरती, वरिष्ठ आणि हुकमांची साखळी वेगळी होती. एकाच वेढ्यात सापडल्यामुळे ती एप्रिल २०२२ मध्ये एकत्र आली, एवढाच त्यांचा संबंध.

‘भाडोत्री’ या शब्दामागे बहुधा एडन अॅस्लिन आणि शॉन पिनर हे दोन ब्रिटिश आहेत. रशियाच्या आधाराने चालणाऱ्या दोनेत्स्कमधील न्यायालयाने ९ जून २०२२ रोजी त्यांना भाडोत्री ठरवून मृत्युदंड सुनावला. वास्तविक दोघेही युद्धापूर्वीच करारावर याच ब्रिगेडमध्ये नियमित सैनिक म्हणून दाखल झालेले होते, आणि आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार एखाद्या देशाच्या सशस्त्र दलांचा सदस्य असलेला माणूस भाडोत्री ठरत नाही. २१ सप्टेंबर २०२२ रोजी सौदी अरेबियाच्या मध्यस्थीने दोघेही सुटले. त्याच दिवशीच्या अदलाबदलीत वोलिन्स्की तुर्कस्तानला पाठवले गेले आणि जुलै २०२३ मध्ये मायदेशी परतले.

राहिला प्रश्न जहाजांचा. मरीन म्हटले की आपल्याकडे चटकन मार्कोस डोळ्यांसमोर येतात, पण ते नौदलाचे निवडक कमांडो आहेत. मरीन ब्रिगेड ही वेगळी वस्तू आहे. तिच्यात पायदळाच्या बटालियनांबरोबर रणगाडे, तोफखाना, हवाई संरक्षण, टेहळणी, इंजिनिअर आणि रसद असे सगळे घटक असतात, म्हणजे किनाऱ्यावर किंवा किनाऱ्यापासून दूर स्वतंत्रपणे लढू शकेल अशी ती पूर्ण फौज असते. भारतीय वाचकाला तुलनाच हवी असेल तर ती तिरुवनंतपुरमच्या ९१व्या इन्फंट्री ब्रिगेडशी करावी. समुद्रातून उतरण्यासाठी खास तयार केलेली ती भूदलाची ब्रिगेड आहे. युक्रेनच्या मरीनांनी २०१५ पासूनचा बहुतेक काळ दोनेत्स्क प्रांतातल्या खंदकांतच काढला. २३ मे २०२३ रोजी राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनी मरीन कोअर उभारण्याची घोषणा केली आणि ३५व्या व ३६व्या ब्रिगेडला ३७व्या व ३८व्या ब्रिगेडची जोड मिळाली. ३७व्या ब्रिगेडला फ्रान्सकडून चाकांवर धावणारी एएमएक्स-१० आरसी ही तोफधारी चिलखती वाहने मिळाली. ३५व्या ब्रिगेडने त्याच उन्हाळ्यात दोनेत्स्क प्रांतातले उरोझाइने गाव परत घेतले. या दोन्ही गोष्टींचा समुद्राशी संबंध नव्हता.

जिथे पाणी होते तिथे, म्हणजे क्रिंकीला, मरीन छोट्या होड्यांतून नीपर ओलांडून गेले आणि कित्येक महिने ती चिंचोळी पट्टी धरून राहिले. रसद आणि जखमी दोन्ही त्याच होड्यांतून, माथ्यावर ड्रोन घिरट्या घालत असताना, न्यावे-आणावे लागत होते. ती मोहीम करायलाच नको होती असे युक्रेनमध्येही अनेकांचे म्हणणे आहे, आणि झालेली हानी पाहता मला ते पटते. मात्र हा आक्षेप त्या होड्यांत माणसे पाठवणाऱ्यांच्या निर्णयावर आहे. होड्यांत बसलेली ब्रिगेड कागदी होती, असे त्यातून निघत नाही.