कौलं, स्लॅब आणि माझी सही

दादाने फॅमिली ग्रुपवर आराखड्याचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "दिवाळीनंतर जुनं पाडू. सामाईक आहे, तुझी सही लागेल." कोकणातलं आमचं घर जांभ्याचं, मंगळुरी कौलांचं. त्या जागी आरसीसी स्लॅबचा बंगला! मी ट्रेनमध्ये उभ्याउभ्या लांबलचक उत्तर पाठवलं. त्यावर दादा एवढंच म्हणाला, "तिकडे बसून वारसा सांभाळायला काय जातंय? गळतीखाली पातेली आम्ही लावतो."

ती पातेली अजून माझ्या डोक्यात वाजताहेत.

मी लंडनमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या टेरेस घरात राहतो, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या ओळीतल्या एका घरात. आमच्या गल्लीत कुणी घर पाडत नाही, आतून हवं तसं करून घेतात. आम्ही लॉफ्ट, म्हणजे छपराखाली खोली, केला तेव्हा ४० घनमीटरच्या मर्यादेत बसवला, सामाईक भिंतींसाठीच्या १९९६च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे दोन्ही शेजाऱ्यांना दोन महिने आधी नोटीस दिली, बांधकाम तपासणाऱ्या बिल्डिंग कंट्रोलचा माणूस बीम झाकायच्या आत येऊन बघून गेला. हे सगळं मी ग्रुपवर ऐकवलं. वहिनीने अंगठा दाखवला. तो कौतुकाचा होता की नाही, कळलं नाही.

पण एक गोष्ट मी खरंच इथे शिकलो. आधीच्या मालकाने विटांच्या दरजा सिमेंटने भरल्या होत्या. ओल भिंतीतच अडकली आणि कपाटामागे काळी बुरशी धरली. गवंड्याने महिनाभर छिन्नीने ते सिमेंट काढून चुना भरला, तेव्हा कुठे भिंत सुकायला लागली. जांभ्याचंही तेच. दादाने ओटीला सिमेंटचा गिलावा केला आणि आता दर श्रावणात त्याचे पापुद्रे सुटतात. चूक घराची नाही, गिलाव्याची आहे, असं मी म्हटलं. "मग चुन्याचं काम येणारा गवंडी पाठव तिकडून," दादा म्हणाला.

शिवाय लंडनचा पाऊस वर्षाला जेमतेम ६०० मिलिमीटर. रत्नागिरीकडे ३००० च्या वर, तोही बहुतेक चार महिन्यांत. हा आकडा मी ग्रुपवर दिला नाही. माकडं कौलं फोडतात आणि मे महिन्यात कौलं चाळायला माणूस मिळत नाही, हेही मी सोयीस्कर विसरलो. उलट वाडीतल्या स्लॅबच्या घरांचे फोटो टाकले. गळतात म्हणून प्रत्येकाने वर पत्र्याची शेड ठोकली आहे! त्या शेडी बघून मला झालेला आनंद फारसा चांगला नव्हता.

आणि परंपरा कसली? मंगळुरी कौलांचा कारखानाच बासेल मिशनच्या जर्मन माणसाने १८६५ साली मंगळूरला काढला. कधीतरी पणजोबांनी नळीची कौलं उतरवून ही चढवली असतील. तेव्हा त्यांना अडवणारा भाऊ समुद्रापलीकडे बसलेला नव्हता. मी स्वतः इथे स्वयंपाकघर मोठं करताना चिमणीचा ब्रेस्ट, म्हणजे धुराड्याचा खोलीत पुढे आलेला भाग, पाडला, हॉलमधल्या नक्षीच्या जुन्या फरशा स्किपमध्ये, राडारोड्याच्या पेटाऱ्यात, टाकल्या. हळहळलोसुद्धा नाही. राहायचं मला होतं.

गावच्या घरात मी वर्षाआड दहा दिवस असतो, तेही डिसेंबरात, कोरड्या अंगणात.

काल तो आराखडा मोठा करून पाहिला. वरच्या मजल्यावर माझी खोली आहे, तिला लागून संडास-बाथरूम. मागच्या वेळी धाकटी रात्री परसातल्या संडासाला जायला घाबरून रडली होती आणि आम्ही दोन दिवस आधीच हॉटेलवर गेलो होतो. कारण मी कामाचं सांगितलं होतं. दादाला ते पटलं, असं मी समजून चाललो होतो.

त्या चौकोनाशेजारी त्याने पेन्सिलीने लिहिलंय, "मुलींसाठी. कमोड कुठल्या भिंतीला, विचारणे."

अजून उत्तर दिलेलं नाही.