बॅसिलस क्लॉसी खोटा निघालेला नाही, त्याचं घराणं सापडलं आहे

एक मजकूर जोरात फिरतो आहे. त्यातला दावा थोडक्यात असा: 'प्रोबायोटिकमध्ये असतो तो बॅसिलस क्लॉसी हा जिवाणू खोटा निघाला. शास्त्रज्ञांनी गुपचूप त्याचं नाव शौचेला क्लॉसी करून टाकलं. दोन वर्षांत दोनदा नाव बदललं, म्हणजे त्यांनाच काही ठाऊक नाही. जुन्या नावाच्या कुप्या फेकून द्या. शिवाय हा जिवाणू अल्कलीप्रेमी आहे, त्यामुळे तो रक्तही अल्कधर्मी करतो.' मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. या मजकुरात एक गोष्ट खरी आहे: दोन वर्षांत नाव दोनदा बदललं. बाकी सगळं तपासून पाहू.

'गुपचूप' हा शब्द आधी बाजूला काढते. २०२० साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी बॅसिलस प्रजातीतून (प्रजाती म्हणजे इथे जीनस, अनेक जातींचं एक घराणं) सहा नव्या प्रजाती वेगळ्या काढल्या. त्यांतली एक होती अल्कलीहॅलोबॅसिलस, आणि क्लॉसी तिच्यात गेला. २०२१ साली पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रहातल्या संशोधकांनी ती प्रजाती पुन्हा तपासली आणि तिच्यातून सात प्रजाती वेगळ्या केल्या. शौचेला ही त्यांतली एक. हा दुसरा निबंध कोणालाही फुकट वाचता येतो. तो सुरू होतो लोणार सरोवरात सापडलेल्या एका नव्या जिवाणूपासून. हा जिवाणू कुठे बसवायचा हे ठरवताना लक्षात आलं की अल्कलीहॅलोबॅसिलस हे एक घर नाहीच, एका छपराखाली राहणारी अनेक कुटुंबं आहेत. त्या नव्या पाहुण्याला अल्कलीहॅलोबॅक्टेरियम ही स्वतंत्र प्रजाती मिळाली. शौचेला हे नाव पुण्याचेच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ योगेश शौचे यांच्या सन्मानार्थ आहे. व्यक्तीचं नाव देण्यात नवल काहीच नाही. 'क्लॉसी' हेही जर्मन जिवाणूशास्त्रज्ञ डीटर क्लाउस यांच्यावरून आलेलं आहे.

आता मुख्य मुद्दा. दोनदा नाव बदललं म्हणजे गोंधळ, असं का वाटतं ते मला कळतं. पण बॅसिलस ही प्रजाती मुळात कशी भरत गेली ते पाहा. फर्डिनांड कोन यांनी १८७२ मध्ये बॅसिलस सबटिलिसचं वर्णन केलं. त्यानंतर दांड्यासारखा, हवेत वाढणारा, बीजाणू तयार करणारा जो जिवाणू सापडला तो बहुधा बॅसिलसच ठरला. आडनाव सारखं म्हणून सगळे भाऊबंद नसतात, पण त्या काळी नातं तपासायला जनुकं वाचता येत नव्हती. १९९५ मध्ये अल्कलीप्रेमी बॅसिलसच्या नऊ नव्या जाती एकाच निबंधात मांडल्या गेल्या, क्लॉसी त्यांतलाच. ते काम मुख्यतः गुणधर्मांच्या तुलनेवर उभं होतं आणि जाती वेगळ्या ओळखण्यात ते टिकलं. चुकला तो वरचा थर, म्हणजे प्रजाती. पुढे जीनोम, म्हणजे जिवाणूंचे संपूर्ण जनुकसंच, हाती आले तेव्हा दिसलं की अल्कलीत राहायची ताकद वेगवेगळ्या शाखांत दिसते. गुण सारखा, घराणी निराळी. २०२० मध्ये पहिली मोठी चाळणी लागली, २०२१ मध्ये बारीक. बारीक चाळणीत आणखी काही निघालं, म्हणून पहिली चाळणी खोटी ठरत नाही.

या सगळ्यात जिवाणू बदलला का? नाही. प्रत्येक जातीचा एक नमुना असतो, त्याला टाइप स्ट्रेन म्हणतात. क्लॉसीचा नमुना जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या संग्रहात डीएसएम ८७१६ या क्रमांकाने जपलेला आहे. १९९५ मध्ये तोच, २०२० मध्ये तोच, आजही तोच. नाव या नमुन्याला बांधलेलं असतं. म्हणून पहिला शब्द बदलला तरी दुसरा, 'क्लॉसी', तसाच राहिला. आणि नियम असा आहे की नावांची आंतरराष्ट्रीय संहिता नावं कशी द्यायची एवढंच ठरवते, वर्गीकरण कोणतं मानायचं हे नाही. रीतसर प्रसिद्ध झालेलं जुनं नाव रद्द होत नाही. कुपीवर 'बॅसिलस क्लॉसी' छापलेलं असेल तर ती लबाडी नव्हे आणि फेकून द्यायचं कारण तर मुळीच नव्हे. औषध घ्यायचं की नाही हा डॉक्टरांचा प्रश्न, वर्गीकरणाचा नव्हे.

इथे मला एक खरी चूक प्रामाणिकपणे सांगायची आहे. अशा प्रोबायोटिकमधले काही वाण बरीच वर्षं बॅसिलस सबटिलिस म्हणून विकले जात होते. २००१ मध्ये इटालियन संशोधकांनी त्यांची रेणवीय तपासणी केली आणि ते क्लॉसी निघाले. ही ओळखीची चूक होती: माणूस एक, ओळखपत्र दुसऱ्याचं. २०२०-२१ मध्ये घडलं ते वेगळं. माणूसही तोच, ओळखही तीच, घराण्याची नोंद तेवढी दुरुस्त झाली. फिरणारा मजकूर या दोन गोष्टी एक करतो आणि त्यामुळे खऱ्या चुकीवर बोलायची जागाच उरत नाही.

राहिलं रक्त. अल्कलीप्रेमी म्हणजे अल्कली तयार करणारा नव्हे, अल्कलीत चांगला वाढणारा. प्रयोगशाळेत अशा जिवाणूंना वाढवताना त्यांच्या लिटरभर खाद्यात, म्हणजे माध्यमात, बहुधा १० ग्रॅमच्या आसपास सोडियम कार्बोनेट घालतात.  म्हणजे सामू (pH, आम्ल-अल्कलीचं माप) आम्ही बाहेरून वाढवतो. उलट हे जिवाणू स्वतःच्या पेशीत अल्कली शिरू देत नाहीत. क्लॉसीचा जुना सोबती बॅसिलस स्यूडोफर्मस (आता अल्कलीहॅलोफिलस) बाहेर सामू १०.५ असताना आतला सामू ८.३ च्या आसपास राखतो. त्यासाठी तो सोडियमचे आयन बाहेर फेकून प्रोटॉन, म्हणजे आम्लता आणणारे कण, आत ओढतो. माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ मध्ये ठेवतात ती आपली फुप्फुसं आणि मूत्रपिंडं. आणि कुपीतून पोटात जातो तो बीजाणू: जाड कवचातला, झोपलेला, जठरातलं आम्ल सोसत आतड्याकडे निघालेला.