गावच्या ॲपला फक्त ओटीपी पुरतो म्हणे!

शेतकरी कंपन्या, पतसंस्था, बचतगटांसाठी वेबसाइट आणि ॲप बनवणाऱ्या पोरांमध्ये सध्या एक पोस्ट जोरात फिरते आहे. सार असं : खेड्यातल्या माणसाला पासवर्ड झेपत नाही, म्हणून मोबाइल नंबर आणि ओटीपी एवढंच लॉगिन ठेवा. माणूस तोच असल्याची खात्री होते, कोड दर वेळी नवा म्हणून फोडता येत नाही, सर्व्हरवर पासवर्डच नाही म्हणून चोरीला जायला काही उरत नाही, आणि काम एका दुपारचं. यातलं एकही वाक्य यवतमाळ-वाशीमकडच्या गावात जसंच्या तसं टिकत नाही.

‘माणूस तोच असल्याची खात्री.’ ओटीपीतून एवढंच कळतं की ते सिम असलेला फोन आत्ता कुणाच्या तरी हाताशी आहे. कुणाच्या, ते कळत नाही. नोंदणीच्या हंगामात दारव्हा-दिग्रसकडच्या एखाद्या सेवा केंद्रावर तासभर उभं राहून पाहा. ऑपरेटर म्हणतो, “काका, ओटीपी सांगा.” काका म्हणतात, “माहा नंबर त पोराजवळ हाये, अन् पोरगा पुण्याले.” मग पुण्याला फोन. पोरगा ड्यूटीवर, उचलत नाही, मागची रांग कावलेली. शेवटी ऑपरेटर स्वतःचाच नंबर टाकून मोकळा होतो. त्याच्या मनात खोट नसते, त्याला काम उरकायचं असतं. पण त्या क्षणापासून काकांच्या खात्याची किल्ली त्याच्या खिशात गेली, आणि तुमच्या डेटाबेसमध्ये मात्र सगळं ‘व्हेरिफाइड’ दिसतं.

रिचार्ज संपून सिम बंद पडणंही इकडे नेहमीचं. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो. तो नवा मालक तुमच्या ॲपमध्ये स्वतःचाच नंबर टाकतो आणि थेट आर्णीच्या शेतकऱ्याच्या कर्जखात्यात पोचतो. काही फोडलं नाही, कुणाला फसवलं नाही. नंबरलाच माणूस मानलं की हे होणारच.

‘फोडता येत नाही.’ सहा आकडी कोड म्हणजे १० लाख शक्यता. चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा नसेल, तर सेकंदाला १०० या वेगाने, कोड चालतो त्या पाच मिनिटांत ३०,००० कोड तपासून होतात, म्हणजे शंभरात तीन संधी. कोड पुन्हा पुन्हा मागवत राहिलं की आज ना उद्या लागतोच. २०१९ मध्ये लक्ष्मण मुथिया या भारतीय संशोधकाने इन्स्टाग्रामच्या पासवर्ड रिसेटमध्ये हेच दाखवलं. तिथे मर्यादा होती, पण त्याने पुष्कळ आयपींवरून (म्हणजे इंटरनेटवरच्या वेगवेगळ्या पत्त्यांवरून) एकाच वेळी विनंत्या सोडून ती चुकवली. कंपनीने त्याला ३०,००० डॉलरचं बक्षीस दिलं. म्हणून मर्यादा खात्यावर लावा, नुसत्या आयपीवर नको. पाच चुका झाल्या की तो कोड रद्द.

पण खरं सांगायचं तर ओटीपी फोडायची गरजच कुणाला पडत नाही. लोक तो सांगतात. आणि सांगायला त्यांना आपणच शिकवलं आहे! वर्षभर केंद्रावर, दुकानात, शिबिरात कोड मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या माणसाला ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ हा मेसेज पाठवून काय उपयोग? उद्या “बँकेतून बोलतोय” म्हणणाऱ्यालाही तो त्याच सवयीने सांगणार. अमेरिकेच्या निस्ट या मानक-संस्थेने २०१७ मध्येच एसएमएस कोडला ‘मर्यादित’, म्हणजे धोका ओळखूनच वापरायच्या, वर्गात टाकलं. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांत डिजिटल पेमेंटसाठी एसएमएसपलीकडच्या पर्यायांना वाट करून दिली आहे.

‘चोरीला जायला काही नाही.’ सेशन टोकन, म्हणजे लॉगिन झाल्यावर ब्राउझरला मिळणारा पास, असतंच, आणि केंद्रावरच्या सामायिक कॉम्प्युटरवर ते तसंच राहून जातं. लॉगआउट दाबल्यावर सर्व्हरवरचं सेशन मरतं का, ते आधी तपासा.

‘एका दुपारचं काम.’ डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक एसएमएससाठीच्या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर, संस्थेची, हेडरची (पाठवणाऱ्याच्या नावाची) आणि टेम्प्लेटची (मेसेजच्या ठरलेल्या मजकुराची) नोंदणी करून पाहा, मग दुपारचं बोलू. टेम्प्लेटमधला एक शब्द बदलला की मेसेज अडतो. ‘ओटीपी पाठवा’ बटणाला मर्यादा नसेल, तर कुणीतरी स्क्रिप्ट लावून रातोरात तुमचा एसएमएस बॅलन्स उडवतो.

आता पासवर्ड न झेपण्याचं. ज्याला गट नंबर, खाते नंबर आणि एटीएमचा पिन पाठ आहे, त्याला पासवर्ड झेपतो. झेपत नाहीत ते आपले नियम : एक कॅपिटल, एक चिन्ह, दर तीन महिन्यांनी नवा. निस्टने हे नियमही २०१७ मध्येच काढून टाकायला सांगितले. दोन-तीन मराठी शब्दांचा पासवर्ड चालू द्या, फक्त प्रोग्राम नीट लिहा. ‘पऱ्हाटी’ हा शब्द यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत २१ बाइट खातो, आणि पासवर्डचा हॅश (म्हणजे उलटा न फिरवता येणारा ठसा) करणारं बीक्रिप्ट ७२ बाइटांपुढचं पाहतच नाही. म्हणजे एवढे मोठे चार शब्द ठेवले, तर चौथ्यातल्या पहिल्या दोन-तीन अक्षर-चिन्हांपुढे काहीही टाइप केलं तरी बऱ्याच लायब्ऱ्या (प्रोग्रामरांचे तयार कोडसंच) दार उघडतात. आर्गॉन२ या नव्या हॅश-पद्धतीला ही अडचण नाही. शिवाय ‘ऱ’ दोन प्रकारे साठवता येतो, एकसंध किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असा. हॅश करण्याआधी युनिकोड नॉर्मलायझेशन, म्हणजे दोन्ही रूपं एकसारखी करणं, केलं नाही, तर कीबोर्ड बदलताच बरोबर पासवर्डही चुकीचा ठरेल.

मी असतो तर सभासद क्रमांक आणि पासवर्ड ठेवला असता. विसरला तर संस्थेच्या काउंटरवर, सचिव चेहरा ओळखतो तिथे, पासबुक पाहून नवा. कुणी दिला त्याची नोंद. ऑपरेटरला स्वतःचं वेगळं लॉगिन हवं. त्यावर ऑथेंटिकेटर ॲपचा ३० सेकंदांचा कोड, जो मेळघाटात रेंज गेली तरी फोनमध्येच तयार होतो. ऑपरेटर आपल्या नावाने आत येईल, शेतकऱ्याच्या वतीने काम करेल, आणि रेकॉर्डवर दोघांचीही नावं उमटतील. बाजारभाव नि पावसाचा अंदाज पाहायला मात्र ओटीपीसुद्धा मागू नका, तिथे लॉगिन हवंच कशाला?